वणव्यासाठी सॅटेलाइट डेटावर पैसे घालावेत का? हिशोब कसा मांडायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. आमचा पुण्यातला एक ग्रुप आहे, पानशेतच्या बाजूला एका डोंगरउतारावर वनखात्याच्या परवानगीने आणि गावच्या समितीला सोबत घेऊन देशी झाडं लावतो, बहावा, काटेसावर, उंबर, करंज, आपटा असं सगळं, आणि रोपं लावण्यापेक्षा ती पहिले दोन-तीन उन्हाळे जगवणं हेच खरं काम असतं हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेलच. यंदा मार्चमध्ये वरच्या माळावरून वणवा खाली आला. कुसळी गवत कंबरेएवढं वाढलेलं, त्यात वारा सुटलेला, गावातली पोरं आणि आमच्यातले जे पोचले ते ओल्या फांद्यांनी झोडपत होते, एकच ब्लोअर होता त्याचं पेट्रोल संपलं. सकाळी जाऊन बघितलं तर ठिबकच्या नळ्या वितळून दगडांना चिकटलेल्या, आळ्यांमधलं आच्छादन जळून रोपांची खोडं बुडाशी काळी पडलेली आणि वरची पानं मात्र अजून हिरवीच. ती नंतर हळूहळू वाळली.

आता मुद्द्यावर येते. ज्या कंपनीकडून आम्हाला सीएसआरचे पैसे मिळतात त्यांच्याकडे एका व्हेंडरने प्रेझेंटेशन दिलंय. सॅटेलाइटवरून वणव्याचे अलर्ट, डॅशबोर्ड, रिस्क मॅप आणि दरवर्षी वर्गणी. रक्कम अशी आहे की तेवढ्यात अख्खा उन्हाळा गावातली दोन माणसं राखणीला ठेवता येतील. कंपनीच्या मॅडम चांगल्या आहेत, त्यांना खरंच काहीतरी करायचंय, पण त्यांचं म्हणणं की सॅटेलाइटमुळे किती रुपये वाचतील आणि माणसांमुळे किती ते आकड्यात दाखवा, दोन्हीपैकी एकच मंजूर होईल. मला झाडं कळतात, हे कळत नाही. कोणी या विषयातलं असेल तर प्लीज मदत करा, प्रपोजल लवकर द्यायचंय.

नकाशावाली

रानजाई, मी जीआयएसमध्येच, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याच्या क्षेत्रात, काम करते म्हणून आधी एक गोष्ट सांगते, व्हेंडर कोणीही असला तरी वणव्याचे जे ठिपके तो दाखवणार ते बहुतेक करून फुकट मिळणाऱ्या डेटावरूनच येणार. नासाची फर्म्स नावाची साइट आहे, तिथे नकाशावर आपल्या डोंगराभोवती चौकोन काढून ईमेल टाकला की त्या चौकोनात आग दिसल्यावर मेल येतो. आपल्याकडे डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून वणव्याचे अलर्ट देते आणि ते एसएमएसने थेट बीटवरच्या, म्हणजे त्या त्या भागातल्या, वनरक्षकापर्यंत जातात, त्यांच्या वन अग्नी पोर्टलवर सामान्य माणसालाही नाव नोंदवता येतं. म्हणजे वर्गणी भरायच्या आधी हे दोन्ही चालू करा, खर्च शून्य.

आता याच्या मर्यादा, कारण प्रेझेंटेशनमध्ये हे कोणी सांगत नाही. मोडिस म्हणून उपग्रहावरचं जुनं उपकरण आहे त्याचा एक पिक्सेल 1 किलोमीटरचा, त्यानंतर आलेल्या व्हीआयआयआरएसचा 375 मीटरचा. आग त्या पिक्सेलएवढी मोठी असावी लागत नाही, कारण तापलेली वस्तू 4 मायक्रॉनच्या आसपासच्या इन्फ्रारेडमध्ये इतकी जास्त चमकते की पिक्सेलचा अगदी छोटा भाग पेटलेला असला तरी तो शेजारच्या पिक्सेलपेक्षा वेगळा उठून दिसतो. पण ठिपका जिथे दिसतो तो पिक्सेलचा मध्यबिंदू, आग त्या चौकोनात कुठेही असू शकते, आणि डोंगरात 375 मीटर म्हणजे कधी कधी दरीच्या पलीकडची बाजू.

आणि सगळ्यात मोठी अडचण वेळेची. व्हीआयआयआरएस असलेले तिन्ही उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. मध्ये जे पेटलं आणि विझलं ते त्यांना दिसतच नाही. तुमचा वणवा किती वाजता लागला होता? संध्याकाळी असेल तर सॅटेलाइटला तो मध्यरात्रीनंतर दिसला असता, त्यात डेटा खाली येऊन प्रोसेस होऊन फर्म्सवर यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात. आपला हवामानाचा उपग्रह इन्सॅट दर अर्ध्या तासाला फोटो काढतो पण त्याचा इन्फ्रारेड पिक्सेल 4 किलोमीटरचा, त्यात आपल्या टेकडीवरचं गवत जळलेलं कळणं अवघड.

मुळशीकर_शेतकरी

मॅडम माझं थोडं वेगळं आहे पण लिहितो. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, पालापाचोळा शेण गवत पसरून खाचरात पेटवतात, पिढ्यानपिढ्या चालत आलंय, ज्याचं खाचर तो उभा राहून करतो. सॅटेलाइटला राब काय आणि वणवा काय, दोन्हीचा ठिपका लालच. मागे गावात बैठक झाली तेव्हा एकाने मोबाइलवर नकाशा दाखवून सांगितलं की बघा तुमच्या शिवारात किती आगी लागतात, आणि त्यातले निम्मे ठिपके आमच्या खाचरांवर होते हो. आम्ही डोंगर पेटवत नाही. डोंगर पेटतो तो रस्त्याच्या कडेने, घाटात गाडी थांबवून कोणीतरी सिगारेट टाकतं, कोणी पार्टी करून चूल तशीच सोडतं, आणि हो, काही लोक गवत चांगलं फुटतं म्हणून मुद्दाम काडी लावतात हे पण खरं आहे, ते आमच्यातलेच असतात, त्यांना आम्ही सांगतो पण सगळे ऐकत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पैसे द्यायचेच असतील तर जो गावात राहतो त्याला द्या. त्याला धूर बघून कळतं की राब आहे का डोंगर पेटलाय. राबाचा धूर एका जागी उभा राहतो, वणव्याचा धूर सरकतो.

आणेपै

शेतकरी दादांनी जे सांगितलं ते अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही फार महत्त्वाचं आहे, ते मी हिशोबात धरणार आहे.

रानजाई ताई, माहितीची किंमत काढायची एक सरळ पद्धत आहे. माहिती नसती तर तुम्ही काय केलं असतं आणि त्यातून किती नुकसान झालं असतं, माहिती असताना काय वेगळं कराल आणि मग नुकसान किती होईल, या दोन्हीतला फरक म्हणजे त्या माहितीची किंमत. माहितीमुळे तुमच्या कृतीत काहीच बदललं नाही तर तिची किंमत शून्य, मग ती अवकाशातून येवो नाहीतर कुठूनही. तुमच्या मॅडमना हेच वाक्य पहिल्या पानावर लिहून द्या.

आता आकडे, सगळे समजा म्हणून धरलेले, तुम्ही तुमचे टाका. समजा प्लॉटवर 2,000 रोपं आहेत, एका रोपामागे खड्डा, रोप, पाणी, मजुरी मिळून 400 रुपये गेलेत, म्हणजे 8 लाख. समजा चार वर्षांतून एकदा वणवा येतो आणि निम्मी रोपं घेऊन जातो, म्हणजे एका वेळी 4 लाख, वर्षाला सरासरी 1 लाख. हा तुमचा दरवर्षीचा धोका. जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत काढून मोकळा केलेला पट्टा) नीट काढली आणि राखणीला माणसं ठेवली तर समजा यातला 60 टक्के टळतो, म्हणजे 60 हजार वाचले आणि 40 हजारांचा धोका उरला. आता यावर सॅटेलाइट अलर्ट घेतला. तो कधी उपयोगी पडेल? जेव्हा आग उपग्रह जायच्या वेळेला पेटलेली असेल, राखणदाराला दिसली नसेल, मेसेज वेळेत येईल आणि लोक वेळेत पोचतील, तेव्हाच. दहातून एकदा असं जमलं असं धरलं तर 40 हजारांच्या दहा टक्के, म्हणजे वर्षाला 4 हजार. वर्गणी यापेक्षा जास्त असेल तर तुमच्या एका प्लॉटला ती परवडत नाही.

पण इथेच थांबू नका. तोच डेटा वेल्हे, भोर, मुळशी, मावळ या सगळ्या डोंगरांवर लागू होतो आणि एकाने वापरला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. शंभर प्लॉटांचे चार-चार हजार केले तर 4 लाख होतात आणि खर्च तेवढाच राहतो. म्हणून अशी गोष्ट एका ग्रुपने किंवा एका कंपनीने विकत घ्यायची नसते, ती सरकारने घेऊन सगळ्यांना खुली करायची असते. अमेरिकेत हे प्रत्यक्ष घडलंय. लँडसॅट या तिथल्या सरकारी उपग्रहांचे फोटो आधी विकत मिळायचे, एका फोटोला 600 डॉलर पडायचे, आणि सगळ्यात चांगल्या वर्षी, 2001 मध्ये, जेमतेम 25 हजार फोटो विकले गेले. 2008 मध्ये ते सगळ्यांना फुकट केले आणि वापर लाखांच्या घरात गेला. तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने 2017 या एका वर्षात लँडसॅटपासून वापरणाऱ्यांना झालेला फायदा 3.45 अब्ज डॉलर धरलाय. विकून जे पैसे मिळत होते ते याच्यापुढे काहीच नाहीत.

अजून एक, परदेशातले मोठे आकडे तुमच्या प्रपोजलमध्ये कॉपी करू नका. कॅलिफोर्नियात 2018 च्या नोव्हेंबरमध्ये कॅम्प फायर झाली, पॅराडाइज नावाचं गाव गेलं, 85 माणसं मेली, 18 हजारांवर इमारती जळाल्या, नुकसान 16 अब्ज डॉलरच्या वर. तिथे आग एक तास आधी कळणं म्हणजे हजारो घरं आणि जीव, त्यामुळे अलर्टची किंमत प्रचंड. आपल्या डोंगरावर जळतं ते गवत, रोपं, पक्ष्यांची घरटी, सरपटणारे प्राणी आणि माती. याची किंमत कमी आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण ती बाजारात लागत नाही म्हणून हिशोबातून गळते. जागतिक बँक आणि पर्यावरण मंत्रालयाच्या 2018 च्या अहवालात भारतातल्या वणव्यांचं नुकसान वर्षाला 1,101 कोटी रुपये धरलंय आणि तो आकडा त्यांनीच कमीत कमी म्हणून दिलाय.

पाणलोट_काका

आणेपै यांनी माती म्हटलं म्हणून लिहितोय. मी पाणलोटाच्या कामात आयुष्य घालवलंय. सगळे आग लागताना काय करायचं यावर बोलतायत, आग विझल्यानंतरचं कोणी बोलत नाही आणि माझ्या मते सॅटेलाइटचा खरा पैसा तिथे आहे.

बघा, उतारावरचं गवत जळालं, वरचा पालापाचोळा गेला, जमीन उघडी पडली. मार्च-एप्रिलमध्ये जळालेला उतार जूनच्या पहिल्या मोठ्या पावसापर्यंत तसाच उघडा असतो. त्या पावसात जी माती खाली येते ती कुठे जाते? पानशेतच्या बाजूला असाल तर धरणात. पुणेकर जे पाणी पितात ते पानशेत-वरसगाव-खडकवासला या साखळीतलं, त्या धरणांत गाळ भरला की जागा कायमची गेली, परत मिळवायची तर गाळ काढण्याचा खर्च बघा काय येतो ते.

अमेरिकेत वणवा विझला रे विझला की एक टीम सॅटेलाइटचे आगीआधीचे आणि नंतरचे फोटो घेऊन कुठे किती खोल जळालंय याचा नकाशा करते आणि पाऊस यायच्या आत कुठे आच्छादन पसरायचं, कुठे रस्ता नि मोऱ्या वाचवायच्या ते ठरवते. आधी हे काम हेलिकॉप्टरमधून बघून हाताने नकाशे रंगवून व्हायचं, त्याला वेळही जायचा आणि पैसाही. इथे घाई मिनिटांची नाही, आठवड्यांची आहे, त्यामुळे उपग्रह दिवसातून दोनदाच जातो ही अडचणच येत नाही. आपल्याकडेही मार्चमध्ये जळालं तर एप्रिलमध्ये नकाशा, मे महिन्यात जिथे जास्त जळालंय तिथेच अनगड दगडी बांध आणि चर. सगळ्या डोंगरावर बांध घालायला कोणाकडेच पैसे नसतात, कुठे घालायचे ते कळलं की निम्म्या पैशात काम होतं. हा फरक तुमच्या मॅडमना आकड्यात दाखवता येईल.

डोंगरवेडा_कोथरूड

काका एकदम पटलं. वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी पण जळालेल्या जागा पावसाळ्यात बघाव्यात, पायवाटेवर लाल पाणी वाहत असतं.

बीटवरचा_माणूस

मी वनखात्यात होतो, आता निवृत्त, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

एसएमएस येतो तेव्हा बऱ्याचदा आमचा गार्ड आधीच डोंगरावर असतो, कारण गावातून फोन आलेला असतो. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर पण लोक फोन करतात आणि तो फोन अजूनही सगळ्यात उपयोगी, सगळ्यांनी सेव्ह करून ठेवा. पण म्हणून सॅटेलाइट बिनकामाचा आहे असं कोणी म्हणू नका. जिथे गाव नाही, रस्ता नाही, रात्रीची वेळ आहे, तिथे तोच एक डोळा. गडचिरोलीसारख्या ठिकाणी मोहफुलं आणि तेंदूच्या हंगामात आगी इतक्या आणि जंगल इतकं मोठं की ठिपके नसते तर कुठे माणूस पाठवायचा ते कळलंच नसतं. पुण्याच्या डोंगरात चित्र वेगळं आहे, इथे दर दोन-चार किलोमीटरवर वस्ती आहे.

आमच्याकडे या डेटाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आग नसताना. मागच्या अनेक वर्षांचे ठिपके एका नकाशावर टाकले की दिसतं की वणवा दरवर्षी त्याच त्या चार-पाच ठिकाणांहून उठतो, घाटातलं वळण, मंदिराचा रस्ता, दोन गावांच्या हद्दीवरचा माळ. जाळरेषा सगळीकडे काढायला निधी कधीच पुरत नाही, मग त्या ठिकाणी आधी काढायची, तिथे हंगामी माणूस बसवायचा. जाळरेषा म्हणजे नुसतं गवत कापून टाकणं नाही, कापलेलं गवत गार वाऱ्याला, सकाळच्या वेळी, माणसं उभी करून जाळावं लागतं, नाहीतर तेच पेटतं. हे काम डिसेंबरात सुरू होऊन फेब्रुवारी उजाडायच्या आत संपलं पाहिजे.

शेतकरी दादांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. राखीव वनात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमातल्या कलम 26 खाली गुन्हा आहे, पण ठिपका हा पुरावा नव्हे. जागेवर जाऊन बघायलाच लागतं. वनहद्दीचा नकाशा ठिपक्यांवर टाकला की खाचरातले राब बाजूला काढता येतात, हे केल्याशिवाय गावात ठिपके दाखवायला जाऊ नये, लोक कायमचे तुटतात आणि मग पुढचा वणवा विझवायला कोणी येत नाही.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. नकाशावाली, आमचा वणवा संध्याकाळी सहाच्या सुमाराचा, म्हणजे तुम्ही सांगितलं तसंच, अलर्ट आला असता तेव्हा सगळं आटोपलेलं असतं.

मग मी प्रपोजल असं करू का? पैसे राखणीच्या दोन माणसांना आणि जाळरेषेला, फुकटचे अलर्ट ग्रुपवर चालू, आणि सॅटेलाइटचा डेटा हंगामाच्या आधी आणि आगीच्या नंतर वापरायचा. एकच शंका, आधीचे ठिपके आणि जळालेल्या भागाचा नकाशा आम्हाला स्वतःला करता येईल का, की त्यासाठी परत कोणाला तरी पैसे द्यावे लागतील? आणि मॅडम विचारतील की पुढे अजून चांगले उपग्रह येतायत म्हणे, मग आत्ता खर्च न करता त्यांच्यासाठी का थांबू नये?

नकाशावाली

करता येईल. फर्म्सवरून जुना डेटा तारखा टाकून डाउनलोड होतो, व्हीआयआयआरएसचा 2012 पासूनचा आणि मोडिसचा त्याच्याही आधीचा. क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात टाका, वनहद्द टाका, बस. जळालेल्या भागासाठी युरोपचा सेंटिनेल-2 घ्या, तो दर पाच दिवसांच्या आसपास येतो, आगीआधीचा एक आणि नंतरचा एक फोटो घ्यायचा. निरोगी झाड-गवत जवळच्या इन्फ्रारेडमध्ये चमकतं आणि जळालेली जमीन शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये, या दोन बँडचं गुणोत्तर आधी आणि नंतर काढून वजाबाकी केली की जळालेला भाग उठून दिसतो, 20 मीटरपर्यंत बारीक. फक्त उशीर करू नका, गवताची राख वाऱ्याने उडते आणि थोडं हिरवं फुटलं की खूण पुसट होते, आग विझल्यापासून पहिल्या दोन-तीन फोटोंतच काम उरका. आणि किती खोल जळालं हे उभ्या झाडांच्या जंगलात जितकं चांगलं कळतं तितकं गवताच्या उतारावर कळत नाही, त्यामुळे काकांनी सांगितलेले बांध कुठे घालायचे ते ठरवताना नकाशासोबत उताराचा चढ बघा आणि प्रत्यक्ष फिरून या.

पुढच्या उपग्रहांचं म्हणाल तर येतायत हे खरंय. फायरसॅट नावाच्या प्रकल्पाचा पहिला उपग्रह मार्च 2025 मध्ये सोडला, पन्नासहून जास्त उपग्रह वर गेल्यावर दर 20 मिनिटांनी बघायचं आणि 5 बाय 5 मीटरची आगसुद्धा पकडायची असं त्यांचं उद्दिष्ट आहे. ते झालं तर आणेपैंच्या हिशोबातला दहातून एकदा हा आकडा नक्की बदलेल आणि तेव्हा परत हिशोब करा. पण तोपर्यंतचे उन्हाळे तर येणारच आहेत ना, आणि तेव्हाही मेसेज आल्यावर डोंगर चढायला माणूस लागेलच.

आणेपै

ताई, प्रपोजलमध्ये एक ओळ वाढवा. राखणदारांना एक साधी वही द्या, प्रत्येक आगीची वेळ, जागा, कोणी आधी पाहिली, किती वेळात विझली. मेल किंवा एसएमएस आला असेल तर त्याची वेळ शेजारी. दोन हंगामांनी तुमच्याकडे तुमच्या डोंगराचे खरे आकडे असतील, मी वर समजा म्हणून जे धरलं त्याची गरजच राहणार नाही. व्हेंडरलाही हेच विचारा, मागच्या हंगामात पुणे जिल्ह्यात त्यांच्या किती अलर्टवर लोक आग वाढायच्या आत पोचले.

मुळशीकर_शेतकरी

राखणीला माणसं ठेवताना एक गावातला म्हातारा गुराखी नक्की घ्या. आणि जाळरेषेच्या कामाला आधी गावात सांगून या, आमच्याकडची चार पोरं पाठवतो, डिसेंबरात भाताची मळणी उरकली की मोकळीच असतात.

नकाशावाली

रानजाई, प्लॉटची हद्द मोबाइलवर चालत जाऊन केएमएल फाइलमध्ये (नकाशावर उघडणारी फाइल) घेता आली तर मेसेज करा, मागच्या वर्षांचे ठिपके काढून पहिला नकाशा मी करून देते, पैसे नकोत. पुढच्या वर्षीपासून तुमच्यातल्या कोणालातरी शिकवते.